दीड वर्षानंतर मेजर बदलावा का? आधी नव्या विषयाचा अवघड पेपर सोडवून बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्र मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घेऊन तीन सत्रं झाली. मार्क फार चांगले नाहीत, फार वाईटही नाहीत, पण अभ्यासात मन लागत नाही. मागच्या सत्रात अर्थशास्त्राचा प्रास्ताविक पेपर ऐच्छिक म्हणून घेतलास आणि तो इतका आवडला की आता मेजरच बदलावासा वाटतोय. बाबा म्हणतात दीड वर्ष पाण्यात जाईल, मैत्रीण म्हणते मनाचं ऐक, आणि बदलाच्या अर्जाची मुदत चालू सत्राच्या शेवटी आहे.

माझं मत आधीच सांगते. आज अर्ज करू नकोस, पण मुदत टळून जाईल इतकी रेंगाळूही नकोस. मधल्या आठवड्यांत अर्थशास्त्राचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात रटाळ अनिवार्य पेपर कोणता ते शोध आणि त्याच्याशी थोडी झटापट कर. विद्यार्थ्यांना सल्ला देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. बदल करून पस्तावलेले जे कोणी भेटले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी जुन्या विषयाची सगळ्यात वाईट बाजू नव्या विषयाच्या सगळ्यात चांगल्या बाजूशी ताडून बघितली होती. तू आत्ता नेमकं तेच करते आहेस.

रसायनशास्त्र तुला आतून माहीत आहे. तासन् तास चालणारी प्रात्यक्षिकं, पुन्हा पुन्हा चुकणारं टायट्रेशन, पाठ करावे लागणारे अभिक्रियांचे टप्पे, हे सगळं तू सोसलं आहेस. अर्थशास्त्राचं मात्र फक्त अंगण पाहिलं आहेस. प्रास्ताविक पेपर विद्यार्थी विषयाकडे यावेत अशाच बेताने रचलेला असतो. मागणी-पुरवठ्याच्या रेषा, रोजच्या व्यवहारातली उदाहरणं, भाववाढीवर रंगणाऱ्या चर्चा. दुसऱ्या वर्षाचं सूक्ष्म अर्थशास्त्र उघडलंस की पहिल्या काही आठवड्यांतच आंशिक विकलन आणि लाग्रांजचे गुणक ही कलनशास्त्रातली गणितं समोर येतील. पुढे अर्थमिती येते, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणं: समाश्रयण (रिग्रेशन), गृहीतकांच्या चाचण्या, मॅट्रिक्स. भौतिक रसायनशास्त्रातल्या गणिताला कंटाळून कोणी इकडे येत असेल तर त्याला ते गणित इथे दारातच भेटतं.

तेव्हा त्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरचं पाठ्यपुस्तक ग्रंथालयातून आण. मागच्या परीक्षांचे प्रश्न मिळव. प्राध्यापकांना विचारून दोन-तीन तासांना मागच्या बाकावर बस, आणि मुख्य म्हणजे एक पूर्ण गृहपाठ स्वतः सोडव. नुसतं ऐकून विषय आवडल्यासारखा वाटतो, खरं काय ते सोडवायला बसलं की कळतं. उत्तर चुकलं तर बिघडत नाही. चुकल्यावर 'का चुकलं' हे शोधावंसं वाटलं की वही मिटावीशी वाटली, तेवढं लक्षात ठेव.

याला संशोधनाचाही आधार आहे. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी 2018 मध्ये आवडीबद्दलचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरचा एक रंजक व्हिडिओ दाखवला. बहुतेकांना तो आवडला. मग त्याच विषयावरचा एक किचकट शास्त्रीय लेख वाचायला दिला. 'आवड आपल्यात आधीपासूनच असते, ती फक्त सापडावी लागते' असं मानणाऱ्यांचा उत्साह त्या लेखानंतर जास्त ओसरला. 'आवड हळूहळू घडवावी लागते' असं मानणाऱ्यांचा त्या मानाने टिकला. तुझा प्रास्ताविक पेपर हा तो व्हिडिओ आहे. किचकट लेख अजून वाचायचा आहे.

आता रसायनशास्त्राकडे वळू. 'मन लागत नाही' या तीन शब्दांत इतक्या वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात की त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. विषय नकोसा झालाय, की एकच पेपर? सेंद्रिय रसायनशास्त्राचा पहिला पेपर हा बऱ्याच ठिकाणी गाळणीचा, म्हणजे बरेच विद्यार्थी जिथे गळतात असा, पेपर असतो. तो संपला की विषयाचा चेहरा बदलतो, आणि त्याच्यावरून अख्ख्या विषयाची परीक्षा करणं बरोबर नाही. शिकवणारे बदलले असते तर वेगळं वाटलं असतं का? प्रयोगशाळेतला जोडीदार, वर्गातलं एकटेपण, पुरी न होणारी झोप, यांतलं काही आहे का? आणखी एक जागा तपास. अभ्यासाव्यतिरिक्त जे तुला एरवी आवडतं, मग गाणं असो, खेळ असो की मैत्रिणींशी गप्पा, तेही आजकाल नकोसं वाटतं का? सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस सगळ्यातलाच रस गेला असेल, मन उदास असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर मेजरचा प्रश्न बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेट. नैराश्याची ती लक्षणं असू शकतात. नैराश्यात विषय बदलला तर तेच मळभ नव्या विषयावर येतं. तुझ्या पत्रातला अर्थशास्त्राबद्दलचा उत्साह बघता तुझं असं काही नसावं, पण खात्री करून घे.

आणि मार्क. याबद्दल विद्यार्थी सहसा खरं बोलत नाहीत, स्वतःशीसुद्धा. टॉड आणि राल्फ स्टाइनब्रिकनर या संशोधकांनी अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांना प्रवेशापासूनच वारंवार विचारत राहून एक अभ्यास केला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला गणित-विज्ञानाकडे कल असलेले विद्यार्थी भरपूर होते, शेवटी त्या विषयांत पदवी घेणारे फार थोडे उरले. मोठं कारण असं निघालं की विज्ञानात आपल्याला किती मार्क पडतील याचा अंदाज त्यांनी फार वरचा बांधला होता, आणि खरे मार्क दिसू लागल्यावर ते बाहेर पडले. यात लाजण्यासारखं काही नाही. मार्क ही माहितीच आहे. फक्त 'मला आवडत नाही' असं म्हणताना आपल्याला 'मला जमत नाही' म्हणायचंय का, हे विचारून घे. जमत नसेल तर प्रश्न असा होतो की कशामुळे जमत नाही. पाया कच्चा असेल तर तो पक्का करता येतो. अभ्यासाची पद्धत चुकत असेल तर ती नव्या विषयातही तुझ्याबरोबर येणार.

बाबांच्या 'दीड वर्ष पाण्यात' या म्हणण्याला अर्थशास्त्रातच नाव आहे: बुडीत खर्च, म्हणजे होऊन गेलेला, परत न मिळणारा खर्च. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा 1985 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किमतीत तिकीट मिळालं, काहींना न मागता सवलत मिळाली. कोणाला काय मिळेल हे योगायोगावर होतं. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, फक्त खिशातून गेलेले पैसे वेगळे होते. गेलेली दीड वर्षं आता दोन्ही वाटांवर सारखीच गेलेली आहेत, म्हणून निर्णयाच्या हिशेबात ती धरायची नाहीत.

पण बाबांचं म्हणणं इथेच मोडीत काढू नकोस. बुडीत खर्चाचा मुद्दा लोक फार घाईने फेकतात. तुझ्या दीड वर्षात फक्त खर्च झालेला नाही, काही कमाईही झाली आहे, आणि ती कमाई एका वाटेवर पूर्ण चालते तर दुसऱ्या वाटेवर थोडीच. म्हणजे मोजायचं ते हे, की इथून पुढे पदवीपर्यंत कोणत्या वाटेवर किती उरलं आहे. हे अंदाजाने सांगता येत नाही, कागदावरच मांडावं लागतं.

दोन कागद घे. एकावर रसायनशास्त्र पूर्ण करायला उरलेले सगळे पेपर सत्रवार लिही, दुसऱ्यावर अर्थशास्त्राचे. गणित, संख्याशास्त्र, भाषा, सामान्य शिक्षणाचे पेपर बहुतेक वेळा दोन्हीकडे चालतात. रसायनशास्त्राचे मूळ पेपर नव्या मेजरमध्ये मुक्त ऐच्छिक म्हणून धरले जातात, पण ऐच्छिकांना मर्यादा असते आणि तिच्यावरचं क्रेडिट गुणपत्रकावर नुसतं शोभेला राहतं. युरोपीय क्रेडिट पद्धतीत एका वर्षाचे 60 क्रेडिट धरतात, तीन वर्षांच्या पदवीचे 180. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण 120 लागतात. तुझ्याकडे जी पद्धत असेल तिच्यात तुझे किती क्रेडिट खरोखर चालतील, तो आकडा काढ.

आकडा काढल्यावर बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि फसतात. पदवी लांबते ती उरलेल्या पेपरांच्या संख्येपेक्षा त्यांच्या साखळीमुळे जास्त. समज, अर्थशास्त्राचे दहाच पेपर उरलेत. दोन सत्रांत उरकतील असं वाटतं. पण अर्थमितीला आधी संख्याशास्त्र लागतं, वरच्या अर्थमितीला आधी खालची, आणि शेवटच्या प्रकल्पाला त्या दोन्ही. त्यात एखादा पेपर वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर दहा पेपरांना चार सत्रंही लागू शकतात. म्हणून कागदावर पेपरांच्या मध्ये बाण काढ: कशाच्या आधी काय. सगळ्यात लांब साखळी जितक्या सत्रांची, त्याच्या आत पदवी मिळणार नाही.

याच कागदाच्या मागे पैशाच्या अटी लिही. शिष्यवृत्ती ठरावीक विषयाला बांधलेली आहे का, ती किती सत्रांपुरती आहे, कर्जाची परतफेड कधी सुरू होते, एक सत्र वाढलं तर शुल्क आणि राहण्याचा खर्च किती. कमाई सुरू व्हायला जितके महिने उशीर होईल तोही खर्चच. आणि अर्थशास्त्र विभाग मेजर बदलून येणाऱ्यांना सरसकट घेतो का? जागा मर्यादित असल्या तर विभाग काही पेपरांत किमान श्रेणी मागतात. हे माहीत नसताना घरी वादळ उठवण्यात अर्थ नाही.

कागद तयार झाले की तुझ्या लक्षात येईल, वाटा दोनच नाहीत. रसायनशास्त्र पूर्ण करून अर्थशास्त्र मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेता येईल. किंवा रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढे अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण. तिथे प्रवेश देताना कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संख्याशास्त्र पक्कं आहे का हे फार बघतात, आणि ते तुला रसायनशास्त्रात राहूनही करता येतं. मात्र दोन मेजर एकदम घेण्याच्या मोहात सहसा पडू नकोस. निर्णय पुढे ढकलायचा तो सगळ्यात महागडा मार्ग आहे. दोन्ही विषयांत दुप्पट आवड असलेले मी फार थोडे पाहिले. बहुतेकांना एकावर काट मारायची भीती वाटत असते.

इथे पदव्यांमधला एक फरक समजून घे. वैद्यक, शुश्रूषा, वास्तुशास्त्र अशा क्षेत्रांत पदवी हा परवाना असतो. ती नेमकी पदवी नसेल तर दार उघडतच नाही. अशा क्षेत्राकडे जायचं असेल किंवा त्यातून बाहेर पडायचं असेल, तर मेजरचा निर्णय खरोखर जड आहे आणि लवकर घ्यावा लागतो. अर्थशास्त्र, इतिहास, रसायनशास्त्र, गणित यांतल्या बऱ्याच नोकऱ्यांना पदवी हवी असते, तीच हवी असते असं नाही. ओफर मालामुद यांनी इंग्लंड आणि स्कॉटलंडची तुलना केली होती, तो लेख 2011 चा. इंग्लंडमध्ये विद्यापीठात शिरतानाच विषय ठरवावा लागत असे, स्कॉटलंडमध्ये दोनेक वर्षं वेगवेगळे विषय चाखून मग. पुढे आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या कामात गेलेल्यांचं प्रमाण इंग्लंडमध्ये जास्त निघालं. लवकर ठरवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नंतर बदल केलाच, फक्त पदवीनंतर केला.

पगाराबद्दल ऐकीव बोलणं बंद कर. मॅथ्यू विसवॉल आणि बासित झफर यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात केलेल्या अभ्यासात (2015) असं दिसलं की कोणत्या विषयाच्या पदवीधरांना किती पगार मिळतो याबद्दल विद्यार्थ्यांचे अंदाज बरेच चुकलेले होते. खरे आकडे दाखवल्यावर त्यांनी आपल्या कमाईबद्दलच्या अपेक्षा बदलल्या. पण विषय निवडताना सगळ्यात जड पारडं आवडीनिवडीचंच राहिलं. तुझ्या विभागातून गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात ते विभागाला विचार. वरच्या दोन-तीन जणांचं सांगतील. मधल्या विद्यार्थ्याचं काय झालं ते विचार. आपण बहुतेक जण मधलेच असतो.

मेजर बदलणारी तू एकटी आहेस असंही समजू नकोस. अमेरिकेच्या राष्ट्रीय शैक्षणिक आकडेवारी केंद्राने 2011-12 मध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण एकतृतीयांश जणांनी तीन वर्षांच्या आत मेजर बदलला होता, आणि दहातल्या एकाने एकापेक्षा जास्त वेळा. गणितापासून सुरुवात केलेल्यांत तर निम्म्याहून जास्त, 52 टक्के जणांनी. चार्ल्स डार्विनने वैद्यक सोडलं वगैरे गोष्टी मात्र कोणी सांगू लागलं तर कान बंद कर. विषय सोडून मोठं नाव न झालेल्यांची यादी कोणी ठेवत नाही.

घरी बोलताना 'मला हे आवडत नाही' पासून सुरुवात करू नकोस. आईवडिलांना भीती नव्या विषयाची नसते तितकी पुढचं काहीच ठरलेलं नसण्याची असते. आज हे सोडलं, उद्या तेही सोडेल, ही ती भीती. तिच्यावर बोलून उपाय होत नाही, कागद पुढे ठेवावा लागतो. ते दोन कागद बाबांसमोर ठेव, सत्रं आणि खर्च दाखव, सोडवलेला गृहपाठही दाखव. मग त्यांना विचार, 'बाबा, यात माझं काय चुकतंय?' पाण्यात जाणाऱ्या दीड वर्षाच्या जागी कदाचित एक जादा सत्र दिसेल. कदाचित दोन दिसतील आणि बाबांचं बरोबर निघेल. त्याचीही तयारी ठेव.

एवढं सगळं करूनही काटा मधोमधच राहिला तर? स्टीव्हन लेविट यांनी मोठे निर्णय घेता न येणाऱ्या हजारो लोकांना संगणकावर नाणेफेक करायला लावली होती. ज्यांच्या नाण्याने 'बदल कर' असं सांगितलं ते बदल करण्याची शक्यता जास्त होती, आणि सहा महिन्यांनी बदल केलेले लोक सरासरीने जास्त समाधानी होते. हा लेख 2021 मध्ये छापून आला. भाग घेणारे स्वतःहून आलेले होते, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही. पण कागद, गृहपाठ आणि घरचं बोलणं हे तिन्ही झाल्यावरही पारडी सारखीच असतील तर मी बदलाच्या बाजूने झुकेन. इतका प्रामाणिक शोध घेऊनही जुन्या विषयात राहायचं एकही ठोस कारण सापडलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

आता मुदतीचं. तपास पूर्ण व्हायच्या आत मुदत आली तर पुढच्या सत्राची नोंदणी दोन्ही वाटा उघड्या राहतील अशी कर. संख्याशास्त्र किंवा रेषीय बीजगणित, जे दोन्हीकडे चालेल ते. दुसऱ्या वर्षाचं सूक्ष्म अर्थशास्त्र, कारण अर्थशास्त्राची लांब साखळी तिथून सुरू होते आणि ते हुकलं तर अख्खं वर्ष जाऊ शकतं. रसायनशास्त्राचा एक अनिवार्य पेपर, परतायचं ठरलं तर तिकडची साखळी तुटू नये म्हणून. उरलेल्या जागेत सामान्य शिक्षणाचा राहिलेला पेपर.

नोंदणीआधी रजिस्ट्रारच्या कार्यालयाला लेखी विचार: आत्ता अर्ज केला तर पुढच्या सत्रात तो मागे घेता येतो का, सत्र संपल्यावर उशिराचा अर्ज घेतात का, आणि माझे कोणते पेपर नव्या मेजरला धरले जातील. उत्तर लेखीच माग. खिडकीपलीकडून तोंडी मिळालेलं 'हो, चालेल' वर्षभराने कोणालाच आठवत नाही.